मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर तेच, मग जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा कसे?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई पुण्याच्या आहेत. त्यांचे आई-बाबा मे महिन्यात मुंबईहून थेट विमानाने न्यूयॉर्कला निघालेत, तिथून मुलाकडे न्यू जर्सीला. दिवाळीच्या आत परत यायचा बेत आहे. ताईंनी दोन विमानतळांमधलं अंतर शोधलं, तर कुठे १२,५३० किलोमीटर दिसलं, कुठे १२,५५०. विमानाचा वेग ताशी ९०० धरून भागाकार केला, चौदा तास आले. तिकिटावर मात्र जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा. बाबांना इन्सुलिन चालू आहे, डोसच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्यायच्या आहेत, म्हणून त्या विचारतात की यातला कुठला आकडा खरा धरायचा?

ताई, तुमचा भागाकार बरोबर आहे. गडबड त्यात घातलेल्या आकड्यांची आहे. आणि तुम्ही अंतर विचारलंत तरी तुम्हाला खरं जाणून घ्यायचंय ते आई-बाबा सलग किती तास खुर्चीत असतील, आणि तो आकडा किती वर-खाली होऊ शकतो. त्याचं उत्तर किलोमीटरमध्ये मिळत नाही. मी मुंबईत फ्लाइट डिस्पॅचमध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. विमान निघण्याआधी त्याचा मार्ग, उंची, इंधन आणि वेळ यांचा आराखडा करून कॅप्टनपुढे ठेवणं हे डिस्पॅचरचं काम. त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामातला होता.

आधी अंतर. तुम्हाला दिसलेले दोन्ही आकडे चूक नाहीत. कुणी पृथ्वी अगदी गोल धरतं, कुणी ध्रुवांपाशी जराशी चपटी धरतं (खरी तशीच आहे), त्यात काही किलोमीटर इकडे-तिकडे होतात. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ धरला की शेजारच्या न्यू जर्सीतला न्यूअर्क, यानेही दहा-पंधरा किलोमीटर बदलतात. एवढ्या पल्ल्यात तो फरक जेमतेम एक-दीड मिनिटाचा. तिकीट काढताना मात्र भावाचं घर कुठल्या विमानतळाला सोयीचं आहे ते बघा, कारण या दोघांमध्ये हवेतून तीस-पस्तीस किलोमीटर असले तरी मध्ये अख्खं न्यूयॉर्क शहर आणि त्याचे पूल-बोगदे आहेत. तिथली संध्याकाळची वाहतूक आपल्या पश्चिम द्रुतगती मार्गाला हार जाणारी नाही.

ही साडेबारा हजारांची रेषा नेमकी कुठून जाते ते बघण्यासारखं आहे. भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलंत तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून जाते. पण घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर एक दोरा मुंबईवर धरा, दुसरं टोक न्यूयॉर्कवर, आणि ताणा. दोरा वर सरकतो. कच्छवरून, पाकिस्तानातल्या क्वेट्ट्याच्या बाजूने, अफगाणिस्तानातल्या हेरातजवळून, तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटावरून, मग रशियात शिरून सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, तिथून फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, आइसलँडचा दक्षिण भाग, ग्रीनलंडचं खालचं टोक, कॅनडाचा लॅब्राडोर किनारा आणि मग खाली न्यूयॉर्क. मुंबई १९ अंश उत्तरेला, न्यूयॉर्क साधारण ४१ अंशांवर, पण त्यांच्यामधला सगळ्यात जवळचा रस्ता ६४-६५ अंशांपर्यंत चढतो. सपाट नकाशावरची सरळ रेघ धरून, म्हणजे होकायंत्राची दिशा न बदलता गेलात, तर १४,२०० किलोमीटर भरतील. सोळाशेहून जास्त किलोमीटरचा वळसा, आणि तोही सरळ दिसणारा.

आता पहिली अडचण. ही सगळ्यात जवळची रेषा कागदावर आहे, तिच्यावरून उडायला सगळे देश परवानगी देतातच असं नाही. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि पुढे ती मुदत महिन्यामहिन्याने वाढवत नेली. भारतानेही ३० एप्रिलला तसंच केलं. याआधी २०१९ मध्येही २७ फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानची हद्द बंद होती. रशियाने फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून अमेरिका, कॅनडा आणि युरोपीय देशांच्या कंपन्यांना आपल्यावरून उडू दिलेलं नाही, भारतीय कंपन्यांना मात्र ती बंदी नाही. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्ष पेटला तेव्हा इराण आणि इराकची हद्द एकाएकी बंद झाली आणि वाटेतली विमानं परत फिरवावी लागली. त्यामुळे तीच दोन शहरं, तोच दिवस, पण कंपनी भारतीय की अमेरिकी यावर मार्ग वेगळा पडू शकतो.

मग वळसा घालून किती वाढतं? लोकांना वाटतं खूप. मुंबईहून खूप वाढत नाही. समजा पाकिस्तान, इराण, रशिया तिन्ही टाळायचे म्हणून विमान मस्कतवरून इस्तंबूलवर गेलं आणि तिथून न्यूयॉर्क. हा हिशेब साधारण १२,९८० किलोमीटरवर येतो. म्हणजे वाढले जेमतेम साडेचारशे, वेळेत अर्धा तास. पृथ्वीच्या गोलाईचा हा एक गुण आहे की लांब पल्ल्याच्या रेषेपासून बाजूला सरकलं तरी अंतर हळूहळूच वाढतं. नकाशावर हजार-दीड हजार किलोमीटर खाली गेलेला मार्ग मोजला की शे-दोनशेनेच लांब निघतो.

दिल्लीची गोष्ट वेगळी. दिल्लीहून न्यूयॉर्क मुळात मुंबईपेक्षा जवळ, पावणेबारा हजार किलोमीटर. पण पाकिस्तान बंद असला की दिल्लीच्या विमानाला आधी खाली गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत यावं लागतं, मग अरबी समुद्रावरून मस्कतकडे. मी नकाशावर मोजलं तर हा रस्ता साडेतेरा हजारांच्या घरात जातो. सतराशे किलोमीटर, म्हणजे दोनेक तास. म्हणूनच २०२५ मध्ये एअर इंडियाच्या दिल्ली-अमेरिका विमानांना व्हिएन्नाला उतरून इंधन भरायची पाळी आली. तुमच्या आई-बाबांना पुण्याहून दिल्लीला नेऊन तिथून बसवावं असा विचार कुणी सुचवला असेल, तर पाकिस्तानची हद्द बंद असेल तोवर त्यात हशील नाही.

आता मुख्य कारण, वारा. विमान जमिनीवर चालत नाही, हवेत चालतं, आणि ती हवा स्वतः वाहते आहे. दाभोळच्या खाडीत तरीवाल्याला विचारा, पलीकडचा धक्का किती लांब आहे. तो मीटर सांगणार नाही, भरती आहे की ओहोटी ते विचारेल.

पृथ्वीच्या आपल्या बाजूला, उत्तर गोलार्धात, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर बहुतेक वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यातले जोरदार पट्टे म्हणजे जेट प्रवाह. एक उत्तर अटलांटिकवर असतो, दुसरा हिवाळ्यात आपल्या उत्तर भारतावरून, हिमालयाच्या दक्षिणेकडून जातो. त्यांच्या गाभ्यात ताशी दोनशे किलोमीटरचा वारा ही नवलाची गोष्ट नाही. ९ फेब्रुवारी २०२० ला सियारा वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, तेव्हा त्याची बातमी झाली. पण त्या रात्री उलट दिशेने, लंडनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्यांचे काय हाल झाले असतील याची बातमी कुणी केली नाही.

आमच्या कागदावर हे कसं दिसतं ते सांगतो. प्रत्येक फ्लाइटचा एक आराखडा निघतो, त्याला आम्ही ओएफपी म्हणतो. लांब पल्ल्याच्या फ्लाइटचा असेल तर कागदाची चांगली लांबलचक पट्टी. तिच्या वरच्या भागात दोन अंतरं लिहिलेली असतात, एक जमिनीवरचं आणि एक हवेतलं. शेजारी सरासरी वाऱ्याचा आकडा असतो. उलटा वारा असेल तर त्याच्या आधी ‘एम’, म्हणजे मायनस. पाठीमागून असेल तर ‘पी’, म्हणजे प्लस. मी फाइल उघडली की आधी तो आकडा बघायचो, मार्ग नंतर.

उदाहरण म्हणून हिवाळ्यातला एक दिवस घेऊ. मार्ग ७,००० नॉटिकल मैलांचा आहे, म्हणजे १२,९६४ किलोमीटर (एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटर). विमानाचा हवेतला वेग ४८८ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल), तुमच्या भाषेत ताशी ९०० किलोमीटर. जाताना सगळ्या वाटेवरचा सरासरी उलटा वारा ३५ नॉट, कागदावर ‘एम ०३५’. आता जमिनीच्या हिशेबाने वेग राहिला ४५३. वेळ झाला १५ तास २७ मिनिटं. या वेळात विमानाने हवेतून कापलेलं अंतर निघतं साधारण ७,५४० नॉटिकल मैल. येताना तोच वारा पाठीला: वेग ५२३, वेळ १३ तास २३ मिनिटं, हवेतलं अंतर ६,५३०. जमीन तीच, रस्ताही तोच धरला, पण एका फेरीत विमान दुसरीपेक्षा हजार नॉटिकल मैल जास्त उडालं. इंधन जळतं ते या हवेतल्या अंतराप्रमाणे. डिस्पॅचर म्हणून मला विचाराल तर खरं अंतर हेच.

काही जण म्हणतात, ‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून जाताना न्यूयॉर्क आपल्याकडे येतं, उलट लवकर पोचायला हवं.’ तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. विमान त्या हवेत आहे. जमिनीच्या तुलनेत हवा जेवढी जास्त किंवा कमी सरकते, तेवढाच फरक पडतो, आणि त्याला आपण वारा म्हणतो.

दुसरा एक गैरसमज असा की जाताना जे गेलं ते येताना भरून निघतं. पूर्ण निघत नाही. वर १५ तास २७ आणि १३ तास २३ यांची बेरीज २८ तास ५० मिनिटं. वारा शून्य असता तर दोन्ही वेळा १४ तास २१ मिनिटं, बेरीज २८ तास ४२. आठ मिनिटं गेलीच. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, पाठीच्या वाऱ्यात कमी वेळ राहतं, म्हणून असं होतं.

अर्थात आम्ही वारा मुकाट्याने खात नाही. जाताना जेट प्रवाहाच्या उत्तरेकडून, आइसलँड-ग्रीनलंडच्या बाजूने सटकायचं, येताना त्याच्या पोटात शिरायचं, मग ते जमिनीवर दीड-दोनशे मैल लांब पडलं तरी चालेल. संगणक रोजच्या वाऱ्याच्या अंदाजावरून असे अनेक मार्ग तपासतो. अटलांटिकवर तर रोज दोनदा मार्गांचा संच नव्याने जाहीर होतो. पश्चिमेकडे जाणाऱ्या दिवसाच्या गर्दीसाठी आयर्लंड-स्कॉटलंडच्या बाजूचं केंद्र तो आखतं, पूर्वेकडे येणाऱ्या रात्रीच्या गर्दीसाठी कॅनडातलं गँडर. काल ज्या रस्त्याने विमान गेलं त्याच रस्त्याने आज जाईल याची खात्री नसते. तुमचा भाऊ मोबाइलवर विमान कुठे आहे ते बघत असेल आणि ते अचानक ग्रीनलंडकडे वळलेलं दिसलं तर घाबरू नका म्हणावं.

त्यात दोन इंजिनांच्या विमानाची एक अट असते. एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक मिनिटांच्या आत उतरता येईल असा विमानतळ सतत आवाक्यात हवा. आइसलँडचं केफ्लाविक, आयर्लंडचं शॅनन, कॅनडातले गँडर आणि गूज बे ही नावं म्हणून आमच्या तोंडी रुळलेली. तिथे बर्फाचं वादळ असेल तर मार्ग बदलतो. प्रवाशाला यातलं काही कळत नाही, कळायची गरजही नाही.

ऋतूचा फरक मोठा आहे आणि तुमच्या बाबतीत तो चांगल्या बाजूने पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा जाणाऱ्यांसाठी सगळ्यात लांब काळ. मे महिन्यात अटलांटिकवरचा जोर उतरलेला असतो, आपल्या डोक्यावरचा पट्टाही उत्तरेकडे सरकायला लागलेला असतो. जूनमध्ये मान्सून स्थिरावला की तो हिमालयापलीकडे जातो, आणि दक्षिण भारतावर खूप उंचावर तर उलट पूर्वेकडून पश्चिमेकडे वारा सुरू होतो. विमानं सहसा त्याच्या गाभ्याच्या खालून जातात, पण पहिला तास-दीड तास थोडा फायदा मिळू शकतो. मे महिन्याचं सांगायचं तर उलटा वारा सरासरी वीसेक नॉट धरून हवेतला वेळ पंधरा तासांच्या आसपास येईल. ऑक्टोबरअखेर परत येताना अटलांटिकवर वारा पुन्हा चढायला लागलेला असतो, तो पाठीला असल्याने फायद्याचा. पण त्या महिन्यात एखादी रात्र शांत, एखादी वादळी, असं असतं, त्यामुळे आधी नक्की सांगणं अवघड.

एवढं झाल्यावर तिकिटावरचे सोळा तास कुठून आले ते सोपं आहे. तिकिटावरची वेळ ही उड्डाणाची नसते. विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढून ते गेटवरून मागे ढकललं जातं तेव्हापासून पलीकडच्या गेटवर पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा तो वेळ, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणाने काम करता येत नाही, आणि रात्रीच्या गर्दीत रांगेत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. केनेडीलाही उतरल्यावर गेटपर्यंत दहा-पंधरा मिनिटं, गेट रिकामं नसेल तर जास्त. शिवाय हे वेळापत्रक कंपनीने काही महिने आधी, त्या हंगामातल्या नेहमीच्या वाऱ्यावरून ठरवलेलं असतं, आणि वेळेवर पोचण्याचं नाव राखायचं म्हणून त्यात थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. तुमच्या येतानाच्या साडेचौदा तासांत ती जागा मला स्पष्ट दिसते. म्हणून लांब पल्ल्याचं विमान अर्धा तास उशिरा सुटून वेळेच्या आधी पोचतं तेव्हा कॅप्टनने काही जोरात हाणलेलं नसतं. विमानाचा वेग फारसा वाढवता येत नाही. ध्वनीच्या वेगाच्या ०.८४-०.८५ पट हा त्याचा लांब प्रवासाचा ठरलेला वेग, त्यापुढे मिनिटं थोडी वाचतात आणि इंधन भलतंच जातं.

इंधनाचंही एक सांगून टाकतो, कारण सामान मागे राहिलं की लोक चिडतात. या मार्गावरचं बोइंग ७७७-३०० ईआर पूर्ण भरून साडेतीनशे टनांचं होतं, त्यात १४५ टनांपर्यंत इंधनच बसतं. सुरुवातीला जड असताना ते ताशी नऊ-दहा टन पितं, शेवटी हलकं झाल्यावर सहा-सात. म्हणून सुरुवातीला तीस-एकतीस हजार फुटांवर उडतं आणि जसं हलकं होईल तसं पायरी-पायरीने अडतीस-चाळीस हजारांपर्यंत चढतं. प्रवासापुरतं इंधन, त्यावर अंदाज चुकला तर म्हणून टक्केवारीने जास्तीचं, पर्यायी विमानतळावर जाण्यापुरतं, आणि शेवटची अर्ध्या तासाची शिल्लक, जिला हात लावायचा नसतो. उलटा वारा फार असला की ही बेरीज वाढते, आणि सोळा तासांच्या प्रवासात जास्त घेतलेल्या प्रत्येक टनाचा मोठा हिस्सा तो टन वाहून नेण्यातच जळतो. मग वजनाची मर्यादा गाठली की खालचा माल कमी करावा लागतो, कधी बॅगाही. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने आलेली बॅग नेहमीच कुणाच्या निष्काळजीपणामुळे नसते. बाबांचं इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवा. चेक-इन बॅगेत इन्सुलिन ठेवू नये याला दुसरंही कारण आहे, खालच्या कप्प्यात ते गोठायला नको.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून सांगतो: थेट न जाता मध्ये उतरून गेलं तर? अंतराने काही बिघडत नाही. मुंबई-लंडन ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क साडेपाच हजार, बेरीज थेट रेषेपेक्षा दोन-सव्वादोनशे किलोमीटरने जास्त. दुबईमार्गे चारशेच्या आसपास. तरीही एकूण प्रवास वीस-बावीस तासांवर जातो, कारण वेळ जातो तो मधल्या विमानतळावर, पुन्हा सुरक्षा तपासणीत आणि पुढच्या विमानाची वाट बघण्यात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मध्ये उठून चालायला मिळणं चांगलं. पण इंग्रजी बोलायला बिचकणाऱ्या आणि पहिल्यांदाच निघालेल्या जोडप्याला अनोळखी विमानतळावर गेट शोधणं त्रासाचं. तुमचे आई-बाबा पहिल्यांदा जातायत की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. पहिल्यांदा असतील तर माझं मत थेट विमानाच्या बाजूने, आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. ती मागण्यात कमीपणा काही नाही, इमिग्रेशनच्या रांगेत तिचा उपयोग कळतो.

डॉक्टरांकडे जाताना किलोमीटर नेऊ नका, दोन आकडे न्या. एक, गेट ते गेट सोळा तास, त्यात एक तास इकडे-तिकडे. त्याच्या आधीचे सहा-सात तासही धरा, कारण पुण्याहून टॅक्सी, तीन तास आधी पोचणं, तपासणी, हे सगळं जेवणाच्या वेळा मोडतं. दोन, घड्याळातला फरक. मे महिन्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. म्हणजे जाताना बाबांचा दिवस साडेतेहतीस तासांचा होणार, येताना साडेचौदा तासांचाच. लांबलेल्या आणि आखूड दिवसात डोस कसा बसवायचा हे डॉक्टरच सांगतील, त्यात माझ्यासारख्याने बोलू नये. पण त्यांना ‘चौदा तासांचा प्रवास’ असं सांगितलंत तर ते चुकीच्या दिवसाचा हिशेब करतील.

परतीच्या तारखेला एक गोष्ट बघा. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, मग फरक साडेनऊऐवजी साडेदहा तासांचा होतो. दिवाळी काही वर्षी ऑक्टोबरात येते, काही वर्षी नोव्हेंबरात. परतीचं तिकीट त्या रविवारच्या नंतरचं असेल तर निघण्या-पोचण्याच्या वेळांवरून तास काढताना तो एक तास धरायला विसरू नका, नाहीतर प्रवास एका तासाने लांबला की आखूड झाला असा घोळ होतो.

भावाला आणायला कधी निघायचं ते तिकिटावरून ठरवू देऊ नका. विमान मुंबईतून प्रत्यक्ष कधी उडालं ते बघायचं, आणि त्यानंतर पोचण्याची जी वेळ दिसेल ती धरायची. ती त्या दिवशीच्या वाऱ्यावरून काढलेली असते, त्यामुळे बहुधा दहा-पंधरा मिनिटांच्या आत खरी ठरते. त्यावर इमिग्रेशन आणि सामानाचा तास-दीड तास. तुम्ही तिकिटाची तारीख, कंपनी आणि केनेडी की न्यूअर्क एवढं कळवलंत, तर त्या आठवड्यातला वारा बघून निघायच्या आदल्या दिवशी मी अंदाजे वेळ सांगू शकेन.